चावीची मूठ

सोलापुरात, नवी पेठेच्या ऐन गर्दीत शिवबाई स्कूटी ढकलत निघाली होती. मागून रिक्षावाले हॉर्नवर हॉर्न देत होते. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एकाने विचारलंच, "मावशी, बंद पडली का?"

"व्हय," शिवबाई म्हणाली.

गाडी बंद पडलेली नव्हती. शिवबाईला ती चालवता येत नव्हती, एवढंच. आजवर ती या गाडीच्या मागच्या सीटवर कडक भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हँडल धरायची पाळी कधी येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पण हे वाटेत भेटेल त्याला सांगत कोण बसणार? बंद पडली म्हटलं की लोक सोडून देतात. उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि पदर घामाने पाठीला चिकटला होता, तरी ती थांबली नाही.

चपलांच्या दुकानाच्या कडेला चाँदसाबची टपरी होती. टपरी म्हणजे एक लोखंडी पेटी, चावी कापायचं छोटं मशीन, वर फाटकी छत्री आणि तारेत ओवून टांगलेल्या कोऱ्या चाव्या. चाँदसाबच्या घरी शिवबाईच्या भाकऱ्या जायच्या, त्यामुळे ओळख जुनी.

"या मौशी," तो चष्मा कपाळावर सारत म्हणाला. "एवढ्या उनाचं ढकलत आलात? पोरगी, ऋतुजा, कुटं गेली? तिला पाटवायचं की."

शिवबाईने गाडी स्टँडला लावली. ती नीट उभी राहिली का, हे बघितलं. मग म्हणाली, "न्हाय ती. दिवाळी झाली आन् ताप आला. दवाखान्यात नेली, ती माघारी आलीच न्हाय."

चाँदसाबच्या हातातली कानस हातातच राहिली. "या अल्ला," तो पुटपुटला. "भाकरी येईना, तवा आमाला वाटलं धंदा बंद केला आसंल. मला काय ठावं, मौशी."

"धंदा चालूच हाय. पायी जेवढा हुतोय तेवढा," ती म्हणाली आणि कनवटीची चावी काढून त्याच्यापुढे धरली. "हिच्यासारखी एक करून द्या. स्वस्तातली चालंल. गाडी इकलीय. मोडनिंबचा माणूस दुपारी न्यायला येतोय."

"मग हीच देऊन टाका की त्याला. कशाला खर्चात पडताय?"

"ही द्यायची न्हाय."

चाँदसाबने तारेतून एक कोरी चावी काढली, जुनीला शेजारी लावून मशीन फिरवलं. चुरा उडाला. दोन हात कानस मारून त्याने नवी चावी गाडीत घातली. ती आत गेली, पण फिरेना. पुन्हा काढली, पुन्हा घासली. पुन्हा तेच.

"जुनी आणा हिकडं," म्हणत त्याने ऋतुजाची चावी लावून पाहिली. तीही फिरेना.

"तशी न्हाय," शिवबाई पुढे झाली. "आत घालायची, मग वाईच मागं वडायची, मग फिरवायची." तिने तसं केलं आणि दिवा लागला. हे ऋतुजाने तिला कधी शिकवलं नव्हतं; मागे बसून बसून तिने बघितलं होतं.

चाँदसाब खाली बसला. "आता कळलं. चावी झिजली तसं लॉक बी हिच्या संगं झिजलंय. झिजलेल्या चावीवरनं दुसरी निघत न्हाय. निघाली तर चालत न्हाय. नवं लॉक बसवा, न्हायतर हीच द्या."

नवं लॉक स्वस्तात होणार नव्हतं आणि दुपारपर्यंत तर मुळीच नाही. शिवबाई पेटीच्या कडेला टेकली. गाडी विकायचं पुण्यात राहणाऱ्या थोरल्या मुलाने, इंद्रजीतने ठरवलं होतं. दारात उभी राहून सडेल, म्हणाला, आणि तिलाही ते पटलं होतं. सकाळी दार उघडलं की गाडी समोर, संध्याकाळी लावताना समोर. गाडी गेली तर बरंच, असं तिला वाटायचं. चावीचं मात्र तिने इंद्रजीतला काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत.

चाँदसाबला मात्र तिने सांगितलं. चावीची काळी प्लॅस्टिकची मूठ त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "हितं बगा."

मुठीच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डे होते.

"दात हायत तिचं," शिवबाई म्हणाली. "दोनी हातात भाकरीच्या पिशव्या असायच्या, मग चावी तोंडात धरायची. तशीच बोलायची गिऱ्हाइकाशी. त्येंना काय कळायचं न्हाय, मला कळायचं. लई वरडायची मी, कुत्र्यागत काय धरतीस म्हणून. आयकायची न्हाय."

ऋतुजाचे कपडे शिवबाईच्या बहिणीने देऊन टाकायला लावले होते. फोटोत ती ओठ मिटून बसलेली होती. घरात ऋतुजाची स्वतःची म्हणावी अशी खूण राहिली होती ती एवढीच.

चाँदसाब बराच वेळ चावी उलटसुलट करत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "आसं करू मौशी. पातं तेवढं मुठीतनं काढतो आन् नव्या मुठीत बसवतो. गाडी चालंल त्याच पात्यावर. मूठ तुमी ठेवा."

"हुतंय तसं?"

"हुतंय की. लई केल्यात आसल्या."

शिवबाईला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. तिने पिशवीतला शेंगाचटणीचा पुडा काढून त्याच्या पेटीवर ठेवला. घरी घेऊन जा म्हणाली. चाँदसाबने आपल्या मानेवरचा रुमाल काढला, मुठीभोवती जपून गुंडाळला, शिकंज्यात धरला आणि पात्यावर हातोडीचा अगदी हलका ठोका दिला.

रुमालात काहीतरी कटकन मोडलं.

त्याने शिकंजा सैल केला. रुमाल उलगडला. सोलापूरच्या उन्हात दारात उभ्या गाडीला लावून ठेवलेली चावी ती. प्लॅस्टिक आतून केव्हाच मेलं होतं. मुठीचा भुगा झाला होता. मोठा म्हणावा असा तुकडाही हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. चाँदसाबने ट्यूब काढून दोन तुकडे चिकटवून पाहिले, ते त्याच्या बोटालाच चिकटले. मग तो रस्त्यावर गुडघे टेकून पेटीखाली चाचपू लागला.

"ऱ्हाऊ द्या," शिवबाई म्हणाली. "तुमचा काय दोष न्हाय. ऊन खाल्लं तिनं."

"मी न्हाय म्हणाय पायजे हुतं, मौशी."

"चांगलंच करायला गेलावता. बसवा ते पातं."

त्याने पातं लाल मुठीत बसवलं. पैसे घेतले नाहीत. रुमालातला भुगा पुडीत बांधून दिला, तो तिने कनवटीला लावला. परत जाताना कुणीतरी पुन्हा विचारलं, बंद पडली का, आणि ती पुन्हा व्हय म्हणाली.

मोडनिंबचा युवराज वेळेवर आला. बायकोसाठी गाडी नेत होता. शिवबाईने त्याला वाईच मागं वडायची खोड समजावून दिली. गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. "चावी तर नवीकोरी हाय की," तो खूश होऊन म्हणाला. "दिपालीला लाल रंग लई आवडतोय." शिवबाईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि जपून जावा म्हणाली. गाडी वळणाआड गेली.

मग घरात येऊन तिने पुडी उघडली. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. कुठला खड्डा दाताचा आणि कुठली कड मोडण्याची, हे तिला, जन्म दिलेल्या आईला, कळेना. हट्ट धरला नसता तर चावी मोडनिंबला तरी असती, कुणाच्या तरी खिशात, अख्खी. आता ती कुठेच नव्हती. हे तिचं तिनेच केलं होतं, आणि सांगायचं कुणाला, तर सांगण्यासारखं माणूसच उरलं नव्हतं.

चार वाजता भाकऱ्या पोचवायच्या होत्या. गिऱ्हाईक थांबत नाही. तिने दोन्ही पिशव्या भरल्या, बाहेर आली, एका हातातली खाली ठेवून कुलूप लावलं. पिशवी पुन्हा उचलली, आणि घराची किल्ली बोटातच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. कनवटीला लावायला हात मोकळा नव्हता. तिने मान खाली घालून किल्ली दातांत धरली.

किल्ली लोखंडी होती. शिवबाईने दात जोरात आवळले, मग आणखी आवळले, आणि तशीच चालू लागली.