वलगावच्या बिछायतीतली नवरदेवाची खुर्ची

मी नवरदेवाची खुर्ची बोलतेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मी सांगतेय आणि अंकुर लिहून घेतोय. त्याची शाळा आठवीतच सुटली. मोठे शब्द दोघांनाही येत नाहीत.

माझा जन्म अमरावतीचा. लाल मखमल, सोनेरी हात, हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. माझी जोडीदारीण नवरीची खुर्ची. आम्ही वलगावला नत्थुजींच्या बिछायत केंद्रात राहतो. मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्याने देणारं ते दुकान. अंकुर तिथे कामाला.

किती नवरदेव बसले माझ्यावर! मुलगी पाहायला दहा जण जातात, पण स्टेजवर सिंहाची तोंडं घट्ट धरून बसतो तो एकटाच. घामाने माझा सोनेरी रंग उडालाय.

अंकुर मला नुसता उचलायचा. त्याचं लग्न काही जमेना. मुलगी पाहायला गेला की तोंडातून शब्द निघायचा नाही. लोक विचारायचे, "पोरगा मुका हाये काय?"

शेंदूरजनाघाटच्या आकांक्षासमोरही तो गप्पच बसून आला. तरी ती वडिलांना म्हणाली, "घर पाहाले मीबी येतो."

अंकुरची आई दुर्गाबाई म्हणाली, "दुकानातून खुर्च्या आन. अन् या खेपेले दोन शब्द बोल बापा!"

पण लग्नसराई. सगळ्या खुर्च्या बाहेर गेलेल्या. उरलो आम्ही दोघी. अंकुरने आम्हालाच ओसरीत आणून मांडलं!

पाहुणे आले आणि थबकले. मुलीचे वडील किसनराव निमूट सतरंजीवर बसले. आकांक्षा मात्र सरळ नवरीच्या खुर्चीत जाऊन बसली.

"अवं, ते नवरीची खुर्ची हाये!" किसनराव ओरडले.

"मंग मी कोन हावो?"

घरभर हसू फुटलं. अंकुर दारात उभा, कान माझ्या मखमलीसारखे लाल. आता गप्प राहिला तर हेही स्थळ गेलं.

"सांभाळून बसा," तो कसाबसा म्हणाला, "त्या खुर्चीचा मागचा पाय ढिला हाये."

"बोलता येते म्हना तुमाले! मंग उभे काहून? बसा न."

"मी... मी उचलतो. बसत नाई."

"मले नका उचलू. बसा."

तो बसला. सिंहांना त्याने हातही लावला नाही! दुर्गाबाईने साखर वाटली, किसनरावांनी तिथेच सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला मोझरीच्या एका लग्नाला जायचं होतं. अंकुरने आधी तो ढिला पाय खिळे ठोकून पक्का केला. एरवी तो टेम्पोत गाद्यांवर बसतो. त्या दिवशी अमरावतीच्या भर रस्त्यातून माझ्यावर बसून गेला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल टाकून त्याने जागा धरली होती.