डांबरगोळ्यांच्या वासाची रजई

मी रजई बोलतेय. आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. आयुष्याचा बराच काळ मी साड्यांच्या ढिगाखाली काढला आहे.

माझा कापूस वडनेरचा. वर्ध्याच्या एका पिंजाऱ्यानं तो पिंजला, वर जांभळ्या मखमलीची खोळ चढवली आणि टाके घालताना म्हणाला, "बाई, ही पांघरली की थंडी दाराबाहेर उभी राह्यते." सुमित्राबाई तेव्हा नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मला घरी आणलं, अंगावरून हात फिरवला आणि लोखंडी कपाटात ठेवलं. "पाहुण्यांसाठी," म्हणाल्या. पाहुणे आले. त्यांना चादर मिळाली.

कपाटात माझ्यासारखे बरेच होते. न उघडलेले स्टीलचे डबे, घडी न मोडलेल्या साड्या, टॉवेल. सगळ्यांची नेमणूक 'पुढे लागेल' या एकाच पदावर. पुढे म्हणजे कधी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाई दर रविवारी चर्चला जात आणि परत आल्यावर आधी कपाटाचं कुलूप ओढून पाहत.

मला दुःख नव्हतं, मत्सर होता. बाईंच्या खाटेवर एक वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, ठिगळावर ठिगळ. ना रूप, ना घराणं. पण कपाटाच्या फटीतून मला दिसायचं, बाई तिला गळ्यापर्यंत ओढून घेत आणि तिच्याच आड प्रार्थना पुटपुटत. तिच्यावर चहाचे डाग होते, म्हणजे तिला सकाळ ठाऊक होती. माझ्या अंगाला फक्त डांबरगोळ्यांचा वास. मखमल असून मी चिंध्यांवर जळत होते.

हंगामाच्या सणाला आमची मंडळी पहिलं पीक चर्चमध्ये आणते. गाठोडं असो की टोपली, वेदीपुढे ठेवायची, पाळकांनी प्रार्थना करायची, मग आवारात लिलाव. प्रार्थना झालेली वस्तू परत मागायची नाही, अशी रीत. हवीच असेल तर बोली लावायची. बाईंचं अर्पण ठरलेलं असे, एक कोहळं.

त्या सकाळी मला ऊन दाखवून फडक्यात बांधून ठेवलं होतं. कोहळंही तसंच बांधलेलं. बाई गायनाला लवकर गेल्या आणि सून प्रेरणानं नेमकं मला उचललं. कोहळं एवढं हलकं कसं, असं तिच्या मनात आलं नाही. सासूच्या दानाचं वजन तिला ठाऊक होतं.

उपदेश होता बायबलमधल्या त्या श्रीमंत माणसावर, जो धान्य साठवायला कोठारं मोठी करायला निघाला आणि त्याच रात्री मेला. बाई मान डोलावत होत्या. हा उपदेश शेजारणीला किती लागू पडतो, अशी ती मान होती.

लिलाव पुकारायला मंडळीतले वासुदेवराव उभे राहिले. त्यांनी फडकं सोडलं. "पहा बा, यंदा सुमित्राबाईच्या कोहळ्याले मखमल फुटली."

लोक हसले. बाईंचा चेहरा उतरला. "प्रेरणा, हे काऊन आणलं?"

"तुमीच तर म्हणलं, खाटेजवळचं गाठोडं आण."

पहिली बोली पंचफुलानं लावली. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिचा नवरा तानबा छातीच्या दुखण्यातून नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. बाईंनी वरची बोली लावली. पंचफुला चढली, बाई आणखी चढल्या. मग पंचफुलानं पैशांची मूठ मिटली.

पाळक जवळ आले. घेतलेली वस्तू तिथंच कुणा गरजूला देणारे बरेच असत, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "कोणाच्या हाती द्याची, बाई?"

"घरी नेतो मी."

"न्या," ते म्हणाले आणि कोंबड्याच्या लिलावाकडे वळले. कोंबडाच तेवढा ओरडत होता.

बाई मला खांद्यावर टाकून निघाल्या. मी लोळत चालले होते. मागून पंचफुला आली. "बाई, घसरून राह्यली, थांबा." तिनं माझी नीट घडी केली, हात फिरवला. "कापूस झ्याक आहे हो."

"तुले राग नाई आला?"

"राग काऊन? तुमाले लागत असन म्हणूनच घेतली ना."

टोमणा असता तर बाईंनी परतवला असता. पण पंचफुला खरंच तसं समजत होती. बाई रस्त्यातच थांबल्या. मला त्यांनी परत खांद्यावर टाकलं नाही, दोन्ही हातांवर धरलं.

"मले लागत नाई पंचफुला," बाई म्हणाल्या. "कधीच लागली नाई. तानबा कुठं झोपते?"

त्यांनी स्वतः येऊन मला तानबावर पसरलं, नर्सच्या सवयीनं पाय आधी झाकले. तानबा बराच वेळ खोकला आणि मग झोपला. मला पहिल्यांदा कळलं, ऊब माझ्यात नव्हतीच. ती माणसाची असते, मी फक्त धरून ठेवायची.

पुढे बाईंचं कपाट रिकामं होत गेलं. बाई दोन साड्यांवर राहू लागल्या आणि चालताना हलक्या दिसू लागल्या. त्यांचा आनंद त्यांना लखलाभ. मी मात्र जळत होते. पहिला मान माझा, आणि कौतुक टॉवेलांचंसुद्धा. त्यात यंदा बाईंनी तानबासाठी नवी घोंगडी आणून दिली.

काल पंचफुला म्हणाली, "दोन काय कराच्या? शेजारची मयुरी बाळंतीण आहे. घोंगडी देऊन टाकू."

"घोंगडी टोचते," तानबा म्हणाला. "लेकराले रजई दे."

वाटलं, ओरडून सांगावं, मी तानबाची आहे, मला का देता. कपाटातून सुटले तरी कपाट माझ्यातून गेलं नव्हतं. पण त्यानं मला छातीशी धरून एकदा हुंगलं आणि सोडलं. त्याला ते अवघड गेलं नाही असं नाही.

आता मी पंचफुलाच्या खांद्यावर आहे. खोळ विरली आहे, एका कोपऱ्यातून कापूस डोकावतो. मयुरीचं दार समोरच आहे. तिला एवढंच सांगते: बाळ ओली करील, करू दे. खोळ फाटेल, फाटू दे. पण पोरी, मला जपून ठेवू नकोस.