गड न पाहिलेली गाडी

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही ज्या दांडीवर बसून झोके घेता ना, ती माझीच. बसा खुशाल. गोठ्यामागं नुसतं पडून राहण्यापेक्षा तुमचा दंगा बरा. मी जुनी टपाची बैलगाडी. माझं आजचं रूप पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण माझी काही तक्रार नाही. कुरकुर केली असेल ती चाकांनी केली. माझं आयुष्य फार चांगल्या माणसांत गेलं.

माझा जन्म निपाणीजवळच्या बोरगावचा. भरमू सुतारानं बाभळीचं लाकूड पारखून माझी चाकं केली आणि त्यांवर लोखंडी धावा चढवल्या. तिकडं गाडीत तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, उंच रचतात, म्हणून त्यानं माझा आख लांब ठेवला. दोन चाकांत भरपूर अंतर, त्यामुळं केवढंही ओझं घाला, मी कलंडायची नाही. याचा मला भारी तोरा होता. पण बोद काही माझ्या नशिबात नव्हते. मालकाच्या लेकीचं, मालुबाईचं, लग्न ठरलं आणि मी आंदण म्हणून तिच्यासोबत बेळगुंदीला आले.

बेळगुंदीच्या घरात तिचा नवरा परशराम आणि सासू बाळाबाई. बाळाबाईचं माहेर पारगड. चंदगडच्याही पलीकडं, गोव्याच्या सरहद्दीवरचा तो किल्ला. फौजा कधीच्या गेल्या होत्या, पण पहारेकऱ्यांची काही घरं अजून गडावरच राहत होती. त्यातल्याच एका घरची ही लेक. लग्न होऊन खाली आली, ती संसाराच्या रगाड्यात पुन्हा वर गेलीच नाही, आणि आता गुडघ्यांनी दगा दिला होता. गडावरच्या भवानीची ओटी एकदा स्वतःच्या हातानं भरावी, एवढीच तिची आस होती. परशरामानं डोली करायची गोष्ट काढली, तर ती फणकारली.

"चौघांच्या खांद्यावर मेल्यावर जायचंच हाय की रं. जित्तेपणी मी न्हाय जायची."

मग मालुबाईला सुचलं, की गाडीतच घर करावं. आणि काय सांगू मित्रांनो, त्या दिवसांत माझे काय लाड झाले! बांबूच्या ताट्यांचा नवा टप चढला. आत गवत पसरून त्यावर वाकळ आली. टपाला शिंकं टांगलं, खाली पाण्याची घागर बांधली, मागं चुलीसाठी दगडसुद्धा ठेवले. परशराम कोळशानं ओट्यावर वाट काढायचा, शिनोळी, चंदगड, पुढं गड, आणि बाळाबाई ती पुसून पुन्हा काढायला लावायची. भाकऱ्या किती दिवस टिकतील, बैलांना कडबा कुठं मिळेल, मुक्कामाला पाणी कुठं आहे, यावर घरात वाद झडायचे. शेजारणी येऊन मत देऊन जायच्या. म्हातारी तर निघायच्या आधीच टपात बसून जेवू लागली होती. विचार झाला नाही तो फक्त माझ्या आखाचा. गाडी आहे म्हणजे रस्ता आलाच, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

चंदगडपर्यंत आम्ही मजेत गेलो. पुढं मात्र जांभ्या दगडाची वाट लागली. डोंगराकडच्या गाड्या अरुंद, आणि त्यांच्याच चाकांनी दगडात खोल चाकोऱ्या पडलेल्या. माझं एक चाक चाकोरीत बसलं, की दुसरं काठावर चढायचं. घागर फुटली, शिंकं तुटलं, बाळाबाई घरंगळून सुनेच्या मांडीवर आली. ज्या आखाचा तोरा, तोच आडवा आला. गडाच्या पायथ्याच्या अलीकडं तो कडकडला. परशराम खाली उतरून चाकाला खांदा लावणार, एवढ्यात आतून बाळाबाईचा आवाज आला.

"थांब लेकरा. गाडी मोडू नगंस. सुनंच्या माहेरची हाय ती. माझं माहेर मी हितनंच बघते."

असं म्हणून तिनं गडाकडं तोंड करून हात जोडले. मालुबाईनं तोंडात पदर धरला. माझ्या लाकडाला डोळे असते, तर मीही रडले असते. जन्मभराची आस तिनं एका गाडीसाठी सोडली होती.

परशराम गप्प बसला नाही. तो एकटाच गड चढला आणि सकाळी मामाला, म्हणजे बाळाबाईच्या धाकट्या भावाला, रवळूला, घेऊन आला. सोबत गडावरचे तगडे गडी होते. रवळू बहिणीच्या पाया पडला, मग माझ्याभोवती फिरला. त्यानं माझा टप सोडवला, उलटा केला. त्याचा झाला पाळणा. दोन्ही अंगांना लांब बांबू बांधले. बाळाबाईनं डोली ओळखली आणि मान फिरवली. तेव्हा रवळू म्हणाला, "आक्का, ही डोली न्हवं. तुझ्या सुनंची गाडीच हाय ही. बैलांच्या जागी आम्ही हाय, एवढंच."

म्हातारी हसली, डोळे पुसले, आणि टपात जाऊन बसली.

ती वर गेली. मी मालुबाईच्या राखणीत खालीच राहिले. संध्याकाळी बाळाबाई परतली तेव्हा तिच्या कपाळभर भवानीचं कुंकू होतं. देवीच्या दिव्यासाठी नेलेल्या तेलातलं थोडं तिनं राखलं होतं. ते तिनं माझ्या आखावर घातलं आणि सुनेला म्हणाली, "हिला कधी कोरडी ठेवू नगंस गं."

बाळाबाई जाऊन खूप वर्षं झाली. टप केव्हाच मोडला. यंदा स्वातंत्र्य आलं, तेव्हा तुम्हीच माझ्या जुवाला झेंडा बांधलात, तो मान मी विसरायची नाही. मला आता कुठंही जायचं नाही, तरी दर दसऱ्याला मालुबाई तेलाची वाटी घेऊन येते. तिला अलीकडं दिसत नाही. ती चाचपडते, आणि तेल बहुतेक वेळा मातीतच पडतं.

मित्रांनो, एवढं ऐका. आखाला तेल मिळालं नाही तरी मी काही बोलणार नाही. पण यंदा ती वाटी घेऊन आली, की झोके थांबवा, आणि कुणीतरी तिचा हात धरून माझ्यापर्यंत आणा.