मधाची बाटली

पिरंगुटच्या लॅबमध्ये जुईली आल्यापासून डॉक्टर उठता-बसता तिचंच कौतुक करत. बारा वर्षं तिथंच लघवी तपासणाऱ्या कल्पनाचा नुसता जळफळाट होई.

आज ताम्हिणीच्या गंगूबाईंनी मधाच्या बाटलीत लघवी आणली. कल्पनानं बाटली ओळखली, पण मुद्दाम गप्प राहून ती जुईलीपुढं सरकवली. जुईलीनं लघवीत बुडवलेल्या तपासणीच्या पट्टीवर भरपूर साखर दिसली.

‘लिही आता मधुमेह, आणि खा बोलणी!’ कल्पना मनात म्हणाली.

जुईलीनं बाटली हुंगली. “मावशी, हिच्यात आधी काय होतं?”

“मध व्हता. पर धुतलीया की!”

जुईलीनं स्वच्छ डबीत दुसरा नमुना घेतला. साखर अजिबात नव्हती. डॉक्टरांनी शाबासकी दिली, तशी ती म्हणाली, “कल्पनाताईंनीच शिकवलंय, आधी बाटली बघायची, मग लघवी.”

त्यापेक्षा कार्टीनं थोबाडीत मारली असती, तर कल्पनाला परवडलं असतं.