राणीची भुवई

"रेग, बाहेर हवा दमट आहे का?"

"दोरीवरचे कपडे दुपारीच वाळलेत. दमट कुठली?" रेगने पेपरातून मान वर न काढता सांगितलं.

"मग हिच्या तोंडावर साय कशी धरली?"

थेल्मा मागच्या अंगणातून नुकतीच आत आली होती. एका हातात व्हार्निशचा फवारा, दुसऱ्या हातात बाटलीच्या बुचावर चिकटवलेली राणी. शिशाची, बोटभर उंचीची, बर्फाच्या मुलखातली म्हातारी राणी. हवेत ओल असताना व्हार्निश फवारलं की मूर्तीवर पांढरट धूर बसतो आणि खालचे रंग मेल्यासारखे दिसतात. नॉटिंगहॅममध्ये राक्षस, बुटके आणि चेटकिणी रंगवणाऱ्या माणसांना दुसऱ्या कशाची एवढी धास्ती नसते. थेल्माने उभा जन्म ह्या कामात काढला होता. आधी मूर्तींच्या ओतकामाच्या कारखान्यात, मग घरच्या खिडकीपाशी. हवा बघितल्याशिवाय फवारा उचलायचा नाही, हे ती दुसऱ्यांना शिकवायची. आणि नेमकी आजच चूक व्हावी, हे तिच्या जिवाला फार लागलं.

कारण राणी कॉलिनची होती.

टेबलावर अशा मूर्तींच्या फौजा मांडून लढाया खेळणाऱ्यांचं त्यांचं मंडळ होतं, आणि मंडळात एक रीत होती. कुणी गेलं की त्याच्या अर्धवट राहिलेल्या मूर्ती सगळ्यांनी वाटून घ्यायच्या, पुऱ्या करायच्या, आणि मग त्याच्या नावाने एक शेवटची लढाई खेळायची. पहिला फासा घरच्या माणसाने टाकायचा. एकच अट असे: गेलेल्याने रंगवलंय त्याला हात लावायचा नाही. राहिलंय तेवढंच पुरं करायचं.

कॉलिन ऑक्टोबरात गेला. राणीचा फक्त चेहरा त्याने रंगवला होता, बाकी अंग तसंच उघडं. चेहरा बायकोचा काढला होता लबाडाने. आयरीन रागावली की तिची डावी भुवई वर चढते, तश्शी भुवई, केसाहून बारीक, आणि खालच्या डोळ्यात हसू. आयरीनने ती अजून पाहिली नव्हती. त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं, "पुरी झाल्याशिवाय दाखवणार नाही. तुझी भुवई आहे तिच्यावर, एवढंच सांगतो." राणी थेल्माकडे यावी हे मंडळात कुणी वेगळं ठरवलंसुद्धा नाही. उद्या शनिवारी लढाई होती आणि आयरीन ती भुवई बघायला येणार होती.

"इकडे बघ जरा. दिसतेय ना साय?" थेल्माने बूच रेगच्या नाकाशी नेलं.

"छान आहे की. स्वच्छ आहे."

"तुला काय, सगळंच छान दिसतं."

त्यात खोटं काही नव्हतं. रेगने आयुष्यभर बस चालवली आणि आयुष्यभर बायकोच्या प्रत्येक मूर्तीला 'छान आहे' म्हटलं. तिने एकदा मुद्दाम रंगच न लावलेला बुटका दाखवला, तोही छान होता. अशा माणसाची साक्ष कोण धरणार? थेल्माने धरली नाही.

तशी कुरकुर उन्हाळ्यापासूनच सुरू झाली होती. नेव्हिल, मंडळाचा कारभारी, तिने उजळून दिलेली पलटण घेऊन परत आला होता. थेल्माची ख्यातीच ती. कुणाच्या मूर्ती टेबलावर ठेवल्या की चिखलासारख्या एकजीव दिसायला लागल्या, तर त्या तिच्याकडे यायच्या. खाचांत काळोख भरायचा, कडांवर उजेड ओढायचा, मग मूर्ती हातभर लांब धरून डोळे किलकिले करायचे. तेवढ्यातही नाकडोळे वेगळे दिसले की काम झालं.

"थेल्मा, बये, रागावू नकोस," नेव्हिल म्हणाला होता, "पण हे सैनिक लढायला चाललेत की सर्कशीत? केवढा तो चुना फासलायस."

"तुझ्या हॉलातले दिवे बदल. त्या अंधारात म्हैस दिसायची नाही."

"दिवे मागच्याच महिन्यात बदललेत."

हातभर लांब धरलं की तिला हल्ली सगळंच मिळमिळीत दिसायचं, म्हणून ती आणखी उजळायची. पुन्हा किलकिलं करून बघायची, पुन्हा मिळमिळीत. मग आणखी थोडं पांढरं.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकटही त्याच सुमारास वाकायला लागली. मधोमध पोट निघाल्यासारखी. थेल्माला कारण ठाऊक होतं. घराखाली जुनी कोळशाची खाण, पलीकडच्या गल्लीत एकाची भिंतच खचली होती. "घर बसतंय रेग," ती म्हणायची. रेगने पाणसळ लावून दाखवली. बुडबुडा मधोमध. "चौकट सुतात आहे," तो म्हणाला. तर थेल्माने पाणसळच खराब ठरवली. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाललं होतं सगळं. पण रात्री घरात कुठे लाकूड करकरलं की ती जागी व्हायची आणि जमीन खाली जातेय का ते ऐकत पडायची.

तर आता ही साय. तिने उपाय केले. चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिला, त्याने धूर विरतो. विरला नाही. कापसाच्या काडीने ऑलिव्ह तेलाचा थेंब चोळून पुसला. नाही. राणीच्या झग्याकडे पाहिलं तर साय झग्यावरही होती. पण झगा थेल्माने स्वतः रंगवलेला, आयरीन झगा बघायला येणार नव्हती.

टेबलाजवळ ती बराच वेळ नुसती बसून राहिली. रेगने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

"कॉलिन, मला माफ कर रे," ती पुटपुटली आणि तिने ब्रश ओला केला.

दुसरं काय करणार होती? आयरीनच्या हातात धुरकटलेलं तोंड द्यायचं? आयरीन म्हणाली असती, त्याचा हात शेवटी थरथरला असेल बिचाऱ्याचा. ते थेल्माला सहन झालं नसतं. तिने कॉलिनच्या चेहऱ्यावर कातडीचा रंग चढवला, डोळ्यांच्या खोबणीत तपकिरी भरला, गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजेड ठेवला. सरळ बघून काही नीट दिसेना, म्हणून मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत काम चालवलं. शेवटी भुवई. श्वास रोखून, आठवणीवर, एकाच ओढीत.

मग तिने राणी खिडकीच्या उजेडात धरली. रंग अजून ओला होता. व्हार्निशचा त्याला स्पर्शही झालेला नव्हता.

साय तशीच होती.

तिने राणी हळूच खाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. आकडे कडेने होते, मधले काटे धुक्यात. तिने वळून रेगकडे पाहिलं. टोपी होती, मफलर होता, हातातला कप होता. मधे, तोंड असायचं तिथे, दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं.

"रेग, हस बघू जरा."

"आता हे काय नवीन?"

"हस म्हणते ना."

ती वाट बघत राहिली.

"हसलोय की," रेग म्हणाला.

मग त्याने कप ठेवला, उठून तिच्याजवळ आला आणि तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. सोमवारी डोळ्यांच्या इस्पितळात जायचं ठरलं. दोघांपैकी कुणीही राणीबद्दल बोललं नाही. चौकट सुतातच होती, हे थेल्माने झोपताना एकदा मोठ्याने कबूल केलं.

शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलात सगळे जमले. उकडलेल्या वाटाण्यांचा आणि पुदिन्याच्या सॉसचा वास भरला होता. मोठ्या टेबलावर कॉलिनची फौज मांडलेली. प्रत्येकाने आपापली मूर्ती आणली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मूर्तीला नावं ठेवत होता, कॉलिनला आवडलं असतं तसं. थेल्मा रेगचा दंड धरून आली.

"आली आमची रंगारीण," नेव्हिल म्हणाला. "आज डोळे दिपणार म्हणून मी काळा चष्मा आणलाय."

"लाव तोच," थेल्मा म्हणाली.

आयरीन पुढे आली. तिच्या कोटाला बाहेरच्या थंडीचा वास होता. तिने राणी घेतली आणि खिडकीकडे नेली. थेल्माने तिच्या पावलांचा आवाज मोजून घेतल्यासारखा ऐकला. जाताना, थांबताना, परत येताना.

"थेल्मा, ह्यात भुवई कुठली गं? इथे कपाळावर नुसती रेघ आहे."

लढाई होईपर्यंत गप्प राहता आलं असतं. कॉलिनची तब्येत, कॉलिनचा हात, काहीही सांगता आलं असतं, आणि आयरीनने ते मानलंही असतं.

"तो चेहरा कॉलिनचा नाही. माझा आहे," थेल्मा म्हणाली. "त्याच्यावर साय धरली असं मला वाटलं, म्हणून मी वरून रंगवलं. साय नव्हतीच. त्याने काढलं होतं ते छान होतं, आयरीन. भुवई होती, हुबेहूब तुझी. मी पुसली ती."

हॉलात कुणीतरी वाटाण्यांच्या ताटलीत चमचा ठेवला.

"माझ्याकडे बघून सांग," आयरीन म्हणाली.

"तुझ्याकडेच बघतेय."

ती खरंच बघत होती. तिला आयरीनचे पांढरे केस दिसत होते, कानातला निळा खडा दिसत होता, कोटाची कॉलर दिसत होती. डावी भुवई चढली आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं. शिव्या खायची तिची तयारी होती. पण मधे नुसतं पांढरं होतं, आणि निळा खडा जागचा हलत नव्हता.

मग खडा हलला. आयरीनचा हात तिच्या कोपराला लागला आणि तिने थेल्माला टेबलापाशी नेलं.

"पायरी आहे," ती वाटेत म्हणाली.

टेबलापाशी तिने राणी थेल्माच्या तळहातावर ठेवली. "फौजेच्या पुढे हिची जागा आहे. तूच ठेव."

थेल्माने बोटांनी सैनिकांच्या रांगेची कड चाचपली. एक मूर्ती कलंडली, ती तिने सावरली. रांग संपली तिथे तिने राणी ठेवली आणि हात मागे घेतला. मग आयरीन पुढे वाकली, आणि शिशाचं बूड टेबलावर अर्धा फेरा घासल्याचा बारीक आवाज थेल्माला ऐकू आला. उलटी ठेवलेली राणी तिने शत्रूकडे तोंड करून सरळ केली, आणि फासा उचलला.