टेम्पोमागची धाव

कार्तिकातली धूसर, दवार्द्र पहाट. माळवाडीच्या शेवंतीमळ्यांवर धुक्याची मलमल अंथरलेली. तिच्यातून सूर्य यायचा तो आळसावून, आढेवेढे घेत. फुलं तोवर खुडून झालेली असत आणि मळ्यांत नुसता गंध मागं राहिलेला असे.

त्या गंधातून उज्ज्वला धावत होती. धावत कसली, स्वतःला ओढत होती.

तिशी ओलांडलेली ही बाई सात वर्षं वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पाणी घालत होती. तिनं वाढवलेली रोपं डोंगरांवर गेली, झाडं झाली, सावली देऊ लागली; ती मात्र होती तिथंच, झारी हातात घेऊन. आता वनरक्षकाची भरती निघाली होती. तीन किलोमीटर धावायचं होतं. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे जे व्हायचं ते याच खेपेला. आणि बाईसाहेब शाळा सुटल्यापासून एसटीमागंसुद्धा कधी धावल्या नव्हत्या.

शिकवणार कोण? मग मोबाइल हाच गुरू. भाकऱ्या टाकून झाल्या की दमल्या डोळ्यांनी ती त्यात धावणं शोधायची. तिथं हिरवळ मखमली होती, बूट चकचकीत होते, काचेच्या खोलीत जागच्या जागी पळणाऱ्या बायका सडसडीत होत्या. त्यांच्या वजनांच्या जागी तिनं पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेतल्या, त्यांच्या पायऱ्यांच्या जागी टाकीचा गंजका जिना. अखेर आठ आठवड्यांचा एक तक्ता सापडला. तो तिनं वहीत उतरवून घेतला. सोमवारी चालणं, बुधवारी चढण, आणि दर मंगळवारी ‘टेम्पो रन, वीस मिनिटं’.

टेम्पो तर गावात एकच. बबनतात्यांचा, पहाटे शेवंती घेऊन बाजाराला निघणारा.

पहिल्याच मंगळवारी तात्यांनी आरशात तिला पाहिलं आणि गाडी थांबवली.

“बसायचं का गं? फुलांना काय तुझं ओझं व्हतंय?”

“नको तात्या. तुमी चला. मला मागंच यायचंय.”

तात्यांनी टेम्पो हळू सोडला.

असे सहा मंगळवार गेले. पुढं गंधभारला टेम्पो, मागं श्रमभारली बाई. तळव्यांत आग, पोटऱ्यांत गोळे, घशात धूर. दिवसभर झारी, संध्याकाळी चूल, आणि पहाटे पुन्हा तोच रस्ता. दमून गेली होती ती, अगदी आतून दमली होती. आणि टेम्पो आपला तेवढाच लांब, दहा हात. पहिल्या मंगळवारी दहा हात, सहाव्या मंगळवारीही दहाच हात.

मग एका संध्याकाळी मोबाइलमधल्या एका बाईनं समजावून सांगितलं. टेम्पो म्हणजे लय. दम लागावा, पण तुटू नये, अशी एकसारखी चाल. उज्ज्वला आधी खूप हसली. मग तिला रडू आलं.

सातव्या मंगळवारी ती रस्त्याकडेला नुसती उभी राहिली. धुकं तिच्या खांद्यांवर उतरत होतं. टेम्पो येऊन थांबला.

“आज पळायचं न्हाई?”

तिनं सगळं सांगितलं. “सगळंच चुकलं, तात्या. आन् एवढं पळून तुमची गाडी कवा हाताला लागली न्हाई. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता.”

तात्या बराच वेळ फडक्यानं काच पुसत राहिले.

“लागंल कशी? पैल्या मंगळवारी मी पैल्या गेरात रांगत व्हतो. तू जवळ आलीस की जराशी वाढवायचो. गेल्या मंगळवारी दुसरा गेर पुरा व्हायला आला, पोरी.”

थकवा होता तिथंच होता, हाडांहाडांत मुरलेला. तिनं फक्त ओढणी कमरेला घट्ट बांधली.

“आज वाढवू नका, तात्या. हाय त्यातच ठेवा.”

टेम्पो निघाला. फळीच्या फटीतून पाकळ्या निसटू लागल्या, एक, मग दुसरी, मग कितीतरी; आधी त्या तिच्या पावलांखाली येत होत्या, मग गुडघ्यांना लागू लागल्या, आणि मग, दहा हातांचं अंतर सरत आलं तशा, रस्त्याला टेकायच्या आत, तिच्या घामेजल्या गळ्यावर, कपाळावर, मिटत चाललेल्या पापण्यांवर.