वळणावरची तिरपी पायरी

आमच्या जिन्याले एक पायरी जास्तीची आहे, अन् ती देवरावांच्या हट्टापायी बसली. नंदनवन लेआउटमधलं हे घर बांधून राहिले होते तेव्हा मिस्त्रीनं जिना उतरवला, तर पायऱ्या भरल्या सम. कोणी एक वास्तुवाला येऊन सांगून गेला की पायऱ्या विषम पाहिजेत, नाही तर घराची बरकत जाते. आमचे हे म्हणजे एकदा डोक्यात शिरलं की संपलं! मिस्त्री म्हणे, "साहेब, आता पायरी कुठं घालू?" जिना जिथं काटकोनात वळते तिथं एवढासा चौकोनी ओटा होता. त्याच्यावरच ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी पायरी मारली. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, पायऱ्या विषम झाल्या, देवराव खूश. ते गेले बिचारे, पायरी राहिली.

मी शोभा. ह्यांच्या मागं मी, मुलगा सौरव अन् सून मिनल असे तिघं वरच्या मजल्यावर राहतो. खाली गाडी असते अन् ह्यांचं बंद पडलेलं हार्डवेअरचं दुकान. दोन वर्षांखाली मी बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण डावा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला तो झालाच. दवाखान्यात नेताना चौघांनी मले चादरीत घालून खाली नेलं, अन् तसंच वर आणलं. चादरीची चार टोकं चौघांच्या हातात, अन् मी मधात पडलेली. समोरचे लोक फाटकात येऊन पाहून राहिले होते. एकीनं तर हात जोडले! मी त्याच दिवशी सांगून टाकलं, चादरीत एकदाच जाईन, मेल्यावर.

मंग चाकाची खुर्ची आली. सौरवनं अन् त्याच्या मित्रानं मले खुर्चीसकट उतरवायचं ठरवलं. वरच्या पायऱ्या बरोबर उतरलो. वळणावर खुर्ची जी अडकली, ना पुढं जाय ना मागं. माहा पाय भिंतीवर आपटला, मी अशी बोंबलली की साऱ्या लेआउटनं ऐकलं. कशी तरी ओढून वर आणली. त्या दिवसापासून घरात एकच वाक्य: "जिन्यातून जमत नाही." लग्न असो, तेरवी असो, मतदान असो. कोणी विचारलं की सौरव हात हलवते, "आईचं जिन्यातून जमत नाही." मी तिथंच बसलेली असते, पण मले कोणी विचारत नाही.

सांगते तुम्हाले, भिंती पाहून पाहून माणूस येडं होते. टीव्ही पाहिला, पोथ्या वाचल्या, शेजारच्या गच्चीवरचे कपडे वाळताना पाहिले. रडलीबी खूप, कोणापासून लपवायचं? पण मले वाचवलं ते समोरच्या यमुताईंनी.

यमुताई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या बाई, माह्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. पहिले आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसत होतो, मांडीले मांडी लावून, साऱ्या जगाची निंदा करत. आता मी खाली येऊ शकत नव्हती अन् त्यांचे गुडघे गेलेले, त्या वर चढू शकत नव्हत्या. मी गॅलरीतून हात हलवायची, त्या काठी हलवायच्या. बारा पावलांचा रस्ता असेल मधात, पण त्यांचा चेहरा मले धड दिसत नव्हता.

एक दिवस मोबाइलवर त्यांचा आवाज आला. "शोभा, काय वं, रडून राहिली का? एक पापड घे. सुरी तीनदाच चालवायची, सरळ. जास्तीत जास्त तुकडे किती?"

मी म्हटलं, सहा. त्याच्यात काय आहे!

"सात," त्या म्हणाल्या. "कसे, ते उद्या सांग."

मी तीन पापड वाया घालवले. मिनल म्हणे, "आई, हे काय करून राहिल्या?" तिसऱ्या पापडाले समजलं, तिन्ही रेघा एकाच जागी भेटू द्यायच्या नाहीत, मंग मधात एक त्रिकोण उरते. मायबाई, एवढा आनंद मले सौरवच्या बारशालेबी झाला नव्हता.

मंग चस्काच लागला. मॅट्रिकले गणितात गचकलेली बाई मी, अन् त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एकाशेजारी एक मांडते तर सरळ रेघ होते! कोणताबी त्रिकोण घ्या, लांबडा घ्या, बुटका घ्या. फरशीच्या चौकोनावर तिरपी रेघ मारली, त्या तिरप्या रेघेवर चौकोन काढला, तर तो बरोब्बर दोन फरश्यांएवढा भरला. शाळेत हेच छडी मारून पाठ करून घेतलं होतं अन् कोणी एकदाबी फरशीकडं बोट दाखवलं नव्हतं. मले असा राग आला त्या शाळेचा!

तुम्ही म्हणान, म्हातारीचा टाइमपास. हाव, टाइमपासच होता. पण एक दिवस यमुताईंचा आवाज बारीक आला. मुलगा अश्विन त्यांना कळमेश्वरले न्यायले येऊन राहिला होता, कायमचा. तो तिकडच्या कारखान्यात कामाले, इथं त्यांना एकटं कोण पाहीन? मंगळवारी दुपारी गाडी येणार.

"शोभा, एकदा जवळ बसलो असतो," एवढंच म्हणाल्या.

मी रात्री जेवताना विषय काढला. सौरव म्हणे, "आई, व्हिडिओ कॉल लावून देतो ना मी. जिन्यातून जमत नाही, तुले माहीत आहे."

"चादरीत नेऊ का मंग?" असं त्यानं विचारलं असतं तर मी त्याले वाटीच मारली असती. त्यानं विचारलं नाही. पण माह्या डोक्यात आलं, जमत नाही म्हणजे नेमकं काय जमत नाही?

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना खुर्ची जिन्याच्या तोंडाशी नेली. वळण वरून दिसत होतं. सौरवले मोजून दे म्हटलं असतं तर तो "काहून?" म्हणाला असता, म्हणून मी आपलं आपण मोजलं. सौरवच्या शाळेतल्या कंपासातलं कोनमापक घेतलं, त्याले धागा बांधला, धाग्याले खाली नट. कोनमापकाच्या कडेवरून वळणाचा अलीकडचा काठ पाहिला, कोन लिहिला. मंग पलीकडची भिंत पाहिली, कोन लिहिला. उंची तर माहीतच होती, एक पायरी मोजली की साऱ्या मोजल्या. उभी बाजू माहीत, कोन माहीत, तर आडवी बाजू काढायची. टॅन काय असते हे यमुताईंनी मले झाडाच्या सावलीवर शिकवलं होतं. दोन आडव्या बाजू काढल्या, वजा केल्या. तीस इंच आले.

मंग संत्रा बर्फीच्या डब्याचा पुठ्ठा कापला. जिना केला, खुर्ची केली. खुर्ची इकडून फिरवली, तिकडून फिरवली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खुर्चीच त्या ओट्यापेक्षा लांब! म्हणजे तिथं ती फिरणारच नव्हती, दोन काय, दहा माणसं लावा. सौरव खोटं बोलत नव्हता. पुठ्ठा तसाच मांडीवर घेऊन बसली.

मंग वाटलं, अवं बाई, खुर्चीले जायचं आहे का तुले जायचं आहे?

पुठ्ठ्यातून खुर्ची काढून फेकली. एक पट्टी कापली, माह्या न वाकणाऱ्या पायाएवढी, तेहेतीस इंचाच्या हिशेबानं. लहान पोट्टे बसत बसत उतरतात तसं उतरलं तर? पाय सरळ समोर ठेवला की वळणावर भिंतीले लागते, तीन इंच कमी पडतात. पण तिरपा ठेवला तर? चौकोनाची तिरपी रेघ बेचाळीस इंच. अन् ती तिरपी रेघ कुठं आहे? जिथं देवरावांची विषम पायरी आहे, तिथं! तिच्या काठावरून पाय आरामात जात होता. मी एकटीच हसली. अहो, म्हटलं, तुमचं येडेपण एकदा तरी कामाले आलं.

संध्याकाळी मिनलले दाखवलं. ती वाईट नाही बरं, माहं सारं करते. पण तिचा चेहराच उतरला. "आई, बसत बसत? पडल्या गिडल्या तर? अन् पोळ्यावाल्या पिंकीनं पाहिलं तर साऱ्या लेआउटमध्ये सांगन, सासूले अशी उतरवते म्हणून."

सौरवनं पुठ्ठ्याकडं पाहिलंबी नाही. "हे डोक्यातून काढ आता."

मी काढलं नाही. मंगळवारी पिंकी पोळ्या करून गेली, मंग सौरव गेला, मिनल गावाच्या त्या टोकाले, जरीपटक्याले तिच्या ऑफिसले गेली. मी गोधडीची घडी बुडाखाली घेतली, मोबाइल गळ्यात अडकवला अन् पहिल्या पायरीवर बसली. हात टेकायचे, बूड उचलायचं, खाली ठेवायचं. साडी वर येऊन राहिली होती, येऊ दे म्हटलं, कोण पाहते! वळणाच्या अलीकडंच आतल्या भिंतीले चिकटली अन् पाय तिरपा धरला. तिरप्या पायरीवर टाच ठेवली. पलीकडच्या कोपऱ्यात भिंत अन् माहा अंगठा यांच्यात चांगला वीतभर फरक राहिला. मंग पाय हळूच खालच्या पायऱ्यांकडं फिरवला. खुब्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली, पण पाय फिरला. फिरला ना! मी तिथंच बसून रडली अन् मंग उरलेल्या पायऱ्या उतरली.

शेवटच्या पायरीवर बसून यमुताईंना फोन लावला. "या, मी खाली आहे."

"खाली कुठं?"

"जिन्याखाली. आमच्या चॅनल गेटपाशी. गंमत करत नाही, या लवकर."

अन् मंग मी मान वर करून चॅनल गेटकडं, त्या सरकत्या लोखंडी जाळीकडं पाहिलं. कुलूप होतं, बाहेरून.

रोज सकाळी खडखड ऐकू यायची, मले वाटे गेट नुसतं ओढून घेतात. मी गेट धरून हलवलं. साखळी वाजली, कुलूप जागचं हललं नाही. माह्या पुठ्ठ्यावर सारा जिना होता, पायऱ्या होत्या, भिंती होत्या. शेवटच्या पायरीच्या पुढं मी काही काढलंच नव्हतं.

यमुताई काठी टेकत फाटकातून आत आल्या. दोन वर्षांत किती वाळल्या होत्या. पहिले हसल्या, मंग त्यांना कुलूप दिसलं. त्यांनी हातानं उलटंसुलटं करून पाहिलं, जसं काही त्याच्यावर चूक लिहिली असेन. मी मिनलले फोन लावला. "आई? खाली? कशा काय? मी निघते, लगेच निघते!" जरीपटक्यावरून यायले तिले निदान पाऊण तास तरी लागणार होता.

यमुताईंनी दुकानापुढची प्लास्टिकची खुर्ची ओढली अन् गेटले लावून बसल्या. पट्ट्यांच्या मधून हात आत घातला, कोपरापर्यंत. मी दोन्ही हातांत धरला.

"कशी उतरली वं?"

"तिरपा पाय ठेवून. चौकोनाची तिरपी रेघ लांब असते, तुम्हीच तर सांगितलं."

"शाबास," त्या म्हणाल्या. मंग मास्तरणीच त्या, गेटच्या पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "चारी बाजू सारख्या, कोन काटकोन नाहीत. काय म्हणतात?"

"समभुज चौकोन," मी म्हटलं. "मरू द्या ना, यमुताई."

मांडीले मांडी लावून बसायचं होतं आम्हाले. त्यांचा एक हात माह्यापाशी होता, बाकीच्या साऱ्या यमुताई बाहेर होत्या. निंदा करायचं सुचलं नाही कोणाले. त्या माही बोटं दाबत राहिल्या. अश्विनची गाडी आली. तो बिचारा सज्जन माणूस, त्यानंबी कुलूप ओढून पाहिलं. पाच मिनिटं थांबला, अजून पाच थांबला, घड्याळ पाहिलं. त्याची ड्यूटी होती.

"आई, निघू या?"

यमुताईंनी हात काढताना बांगडी पट्टीत अडकली, तेवढा एक क्षण अजून मिळाला. मंग गाडी गेली.

मी तिथंच बसून राहिली. खाली आली होती, वर चढता येत नव्हतं, उतारावर शरीर साथ देते, चढावर नाही. मले राग यायले पाहिजे होता अन् येत नव्हता. कारण मले समजलं होतं. मले कोणी कोंडलं नव्हतं. कोंडायले आत माणूस आहे हे ध्यानात असावं लागते. रोज सकाळी ते दोघं निघताना कुलूप लावत होते, टीव्ही आहे, सिलिंडर आहे, दागिने आहेत म्हणून. म्हातारी तर कुठं येते खाली! दोघांच्याबी मनात एकदाबी आलं नसेन, अन् तेच मले सहन होत नव्हतं.

मिनल ऑटोतून उतरून धावत आली. गेटच्या पलीकडं उभी राहून माह्याकडं पाहून राहिली, वर गेलेली साडी, गोधडी, धुळीनं भरलेले हात. "आई, आम्हाले वाटलं तुम्ही..." म्हणता म्हणता तोंडावर पदर घेऊन हुंदके देऊ लागली. किल्ली तिच्या मुठीतच होती.

मी म्हटलं, "आधी कुलूप काढ, मिनल. मंग रड."